जागेत बसला म्हणजे चालला, असं समजू नका

प्रश्न : काकांनी अमेरिकेहून आणलेला डायनाको स्टिरिओ ७० हा व्हॉल्वचा (काचेच्या व्हॅक्यूम नळ्यांचा) ॲम्प्लिफायर माझ्याकडे आहे. परवा चालू करताच त्यातल्या जीझेड ३४ या रेक्टिफायर व्हॉल्वमध्ये (एसीचं डीसी करणाऱ्या) निळी ठिणगी दिसली आणि फ्यूज गेला. लॅमिंग्टन रोडवर मला ५यू४जी आणि ५वाय३जीटी हे दोन व्हॉल्व मिळाले. दोन्ही त्याच सॉकेटमध्ये बसतात. मित्र म्हणतो, व्हॉल्व नकोच, डायोडचा, म्हणजे सेमीकंडक्टर रेक्टिफायरचा, तयार प्लग मिळतो तो खोच. काय लावू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तूर्तास काहीच लावू नका. ठिणगी का पडली ते सापडल्याशिवाय नवा व्हॉल्व घातलात, तर तोही त्याच वाटेने जाईल.

तुम्हाला मिळालेले दोन्ही व्हॉल्व त्या सॉकेटमध्ये बसतात, कारण पायांची जोडणी एकच आहे. फिलामेंट (तापणारी तार) पाय २ आणि ८ वर, ॲनोड (इलेक्ट्रॉन गोळा करणारे भाग) ४ आणि ६ वर. सारखेपणा एवढाच. ५वाय३जीटी जास्तीत जास्त १२५ मिलिअँपिअर देतो. तुमच्या ॲम्प्लिफायरमधले चार ईएल ३४ (स्पीकरला ताकद देणारे पॉवर व्हॉल्व) गाणं लावलेलं नसतानासुद्धा प्रत्येकी ५० च्या आसपास घेतात. म्हणजे २०० इथेच झाले. हा व्हॉल्व परत करून टाका.

५यू४जी करंटला पुरतो, २२५ पर्यंत. पण त्याचं फिलामेंट ३ अँपिअर खातं आणि जीझेड ३४ चं १.९. तो ट्रान्सफॉर्मर मुळातच हात ठेववत नाही इतका तापतो, त्याच्यावर आणखी पाच-साडेपाच वॉटचं ओझं मी घालणार नाही. शिवाय भरल्या करंटला ५यू४जी स्वतःवर सुमारे ४४ व्होल्ट पाडतो आणि जीझेड ३४ फक्त १७. म्हणजे एचटी (बाकीच्या व्हॉल्वना मिळणारं उच्च डीसी व्होल्टेज) पंचवीस-तीस व्होल्टनी खाली येईल. आणि ५यू४जी लवकर जागा होतो. त्याचं फिलामेंटच कॅथोडचं (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या भागाचं) काम करतं, त्यामुळे चार-पाच सेकंदांत एचटी तयार, आणि ईएल ३४ अजून थंडच. जीझेड ३४ चा कॅथोड वेगळा असतो, सावकाश तापतो, आणि एचटी बाकीच्या व्हॉल्वच्या बरोबरीने वर चढते. तो सावकाशपणा त्या सर्किटला हवा आहे.

आता डायोडचा प्लग. १९७८ च्या गणपतीत आमच्या मिरजेतल्या दुकानात एका मंडळाचा पीए (लाउडस्पीकरचा) ॲम्प्लिफायर आला. ५यू४जी गेला होता, बाजारात मिळत नव्हता आणि संध्याकाळी आरती होती. वडिलांच्या हाताखालच्या कारागिराने सॉकेटच्या पायांवर दोन बीवाय १२७ डायोड लावून दिले. आवाज खणखणीत आला, सगळे खूश झाले. तिसऱ्या रात्री मंडपात रेक्टिफायरनंतरचा पहिला, एचटी सपाट करणारा कंडेन्सर फुटला. दुसऱ्या दिवशी मी चिमट्याने चॅसीवरचे (धातूच्या सांगाड्यावरचे) कागदाचे बोळे वेचत होते, आणि त्या रसायनाचा वास आठवडाभर दुकानातून गेला नाही. ट्रान्सफॉर्मर ३५० व्होल्टचा होता. डायोड लावला की बटण दाबताच कंडेन्सरवर ३५० गुणिले १.४१४, म्हणजे ४९५ व्होल्ट उभे राहतात, कारण करंट घेणारे व्हॉल्व अजून तापलेले नसतात. कंडेन्सरवर ४५० लिहिलेलं होतं. दररोज ती पहिली दहा-पंधरा सेकंदं तो सोसत होता.

तुमच्याकडे हिशेब याहून कडक आहे. ट्रान्सफॉर्मर ३६०-०-३६० चा, म्हणजे शिखर ५०९. आणि तेही प्रायमरीला (ट्रान्सफॉर्मरच्या मेन्सकडच्या गुंडाळीला) ११७ व्होल्ट मिळाले तर! तुम्ही कुठला स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर वापरता ते लिहिलेलं नाही, आणि माझा पहिला संशय तिथेच आहे. त्यावर ‘२३० ते ११०’ असं असेल आणि घरी २४५ येत असतील, तर बाहेर ११७ मिळतात. ठीक आहे. पण ‘२३० ते १२०’ असेल तर त्याच २४५ चे १२८ होतात. मग ५ व्होल्टच्या हीटरवर (फिलामेंटवर) साडेपाच जवळ, ४३५ ची एचटी पावणेपाचशेवर आणि शिखर ५५७. पहिल्या कंडेन्सरवर ५२५ छापलेलं असलं तरी ते पुरत नाही. संध्याकाळी आणि रात्री अकरानंतर, दोन्ही वेळा मीटर लावून स्टेपडाउनच्या बाहेरचे व्होल्ट लिहून ठेवा. रात्री गावाचा लोड उतरतो आणि व्होल्टेज चढतं.

दुसरा संशय कंडेन्सरच्या डब्यावर. मूळ डबा ३०-२०-२०-२० मायक्रोफॅरडचा (एकात चार कंडेन्सर) होता, आणि रेक्टिफायरनंतर पहिला ३० चा भाग. बदली म्हणून ८०-४०-३०-२० चा डबा मिळतो. चांगला असतो, पण जोडणारा मोठा आकडा पाहून ८० चा भाग पहिला लावतो. जीझेड ३४ च्या कोष्टकात पहिल्या कंडेन्सरची मर्यादा ६० मायक्रोफॅरड आहे. रिकामा कंडेन्सर भरताना व्हॉल्वमधून जो झटका जातो, त्यात कॅथोडवरचा लेप उडतो आणि तुम्ही पाहिली तशी निळी ठिणगी दिसते. म्हणून डबा उलटा करून बघा : पाय ८ वरून निघालेली तार ज्या टोकावर पहिली पोचते, तिथली खूण डब्यावरच्या यादीशी जुळवा. तिथे ३० चाच भाग हवा, ८० चा मोठा भाग त्याच्यानंतर.

उघडण्याआधी वायर भिंतीतून काढा, दहा मिनिटं थांबा, आणि तरीही प्रत्येक भाग २२ किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टन्सने चॅसीला टेकवून रिकामा करा. डावा हात खिशात. वडील हे एवढ्यांदा म्हणत की आजही चॅसी उलटी केली की माझा हात आपोआप मागे जातो.

ठिणगीत आणखी काही गेलं का हे बघायला रेक्टिफायर काढून ठेवा आणि ॲम्प्लिफायर १०० वॉटच्या बल्बच्या सिरीजवर (करंट बल्बमधूनच जाईल असा) लावा. बल्ब मंद राहिला तर ट्रान्सफॉर्मर ठीक आहे. लखलखला तर ट्रान्सफॉर्मर किंवा हीटरच्या तारांत शॉर्ट आहे, नवा व्हॉल्व आणायला धावू नका. बायससाठीचा (पॉवर व्हॉल्वचा करंट आवरणाऱ्या ऋण व्होल्टेजसाठीचा) सेलेनियम रेक्टिफायर अजून जुनाच असेल तर तो बदलाच. तो थकला की ऋण व्होल्टेज कमी पडतं, चारही ईएल ३४ जास्त करंट ओढतात आणि भार शेवटी जीझेड ३४ वरच येतो.

हे सगळं झालं की नवा जीझेड ३४ घ्या. स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये आजही बनतो. सोबत १एन४००७ चे चार डायोड घ्या. ट्रान्सफॉर्मर आणि प्रत्येक ॲनोडच्या मध्ये दोन-दोन एकापाठोपाठ लावा, पट्टी व्हॉल्वच्या बाजूला. दोन का? व्हॉल्व आतून शॉर्ट झाला तर उलटं व्होल्टेज शिखराच्या दुप्पट, १०१८ पर्यंत जातं आणि एक १एन४००७ फक्त १००० चा असतो. हे डायोड असले की पुढच्या वेळी ट्रान्सफॉर्मर तरी वाचेल. एचटी व्हॉल्वच्याच गतीने चढेल, त्यामुळे डायोडच्या प्लगचा दोष इथे येत नाही.

शेवटी दोन्ही बाजूंचा बायस १.५६ व्होल्टवर लावा. ते मोजायचा, कॅथोडखालचा रेझिस्टन्स १५.६ ओहमचा, म्हणजे जोडीला बरोबर १०० मिलिअँपिअर. अर्ध्या तासाने पुन्हा बघा. तो सरकतोच.

प्रश्न : घरी बनवलेल्या स्टिरिओमध्ये दोन ईएल ८४ (पॉवर व्हॉल्व) आणि एक ईसीसी ८३ (त्यांच्याआधी आवाज वाढवणारा) आहे. रेक्टिफायर ईझेड ८१ गेला. जुन्या रेडिओतून काढलेला बीईएलचा (भारत इलेक्ट्रॉनिक्सचा) ईझेड ८० आहे, तो चालेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही. पाय तेच, हीटरचे ६.३ व्होल्टही तेच, पण ईझेड ८० ची मर्यादा ९० मिलिअँपिअर. एकेरी जोडणीतला (प्रत्येक बाजूला एकच पॉवर व्हॉल्व) प्रत्येक ईएल ८४ स्क्रीनसकट (आतल्या दुसऱ्या जाळीसकट) त्रेपन्न-चोपन्न घेतो, दोघांचे १०७ झाले. ईझेड ८१ ला १५० चालतात. उलट बाजूने अदलाबदल जमते, फक्त ईझेड ८१ च्या हीटरला ०.६ ऐवजी १ अँपिअर लागतो, तेवढा ट्रान्सफॉर्मरने द्यायला हवा. तुमचा ईझेड ८० जपून ठेवा, एका ईएल ८४ च्या रेडिओला तो वर्षानुवर्षं पुरेल.

प्रश्न : माझ्या ॲम्प्लिफायरच्या माहितीपत्रकात ५यू४जी आणि जीझेड ३४ दोन्ही चालतात असं लिहिलं आहे. ५यू४जीने आवाज मऊ येतो, जीझेड ३४ ने खडा. हे भास आहेत का? आणि जुना मुलार्ड (ब्रिटिश कंपनीचा जीझेड ३४) घेण्यात अर्थ आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : भास नाहीत. पण तुम्ही ऐकता आहात तो बहुतेक व्होल्टेजमधला फरक, काचेचा गुण नव्हे. एचटी खाली आली की पॉवर व्हॉल्वचा बायसही सरकतो. त्यातून पुशपुलमध्ये (जिथे पॉवर व्हॉल्व जोडीने, आळीपाळीने काम करतात) डग्ग्याची जोरदार थाप आली की करंट वाढतो, ५यू४जी आणखी व्होल्ट पाडतो आणि थापेची धार बोथट होते. जीझेड ३४ मध्ये ती उभी राहते. एकेरी क्लास ए मध्ये करंट जवळजवळ स्थिर असतो, तिथे हा फरक फार थोडा. दोन्ही वेळा बायस सारखा लावून, आवाजाची पातळी जुळवून ऐका. मग जो आवडेल तो तुमचा.

मुलार्ड टिकण्यासाठी घ्या, सुरासाठी जास्त पैसे मोजू नका. नावाच्या छपाईवर जाऊ नका, ती पुसता येते आणि नव्याने छापताही येते. काचेच्या तळाजवळ बारीक कोरलेला कोड बघा : पहिल्या ओळीत एफ ३१ किंवा पुढचा आकडा, आणि दुसरी ओळ बी ने सुरू होत असेल तर तो मुलार्डच्या, इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या कारखान्यातला. गेटरचा (आत उरलेली हवा शोषणाऱ्या लेपाचा) डाग चांदीसारखा हवा, पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे. विकणाऱ्याकडून दोन्ही ॲनोड वेगवेगळे तपासून मागा. एक बाजू मेलेला व्हॉल्वही गाणं वाजवतो, फक्त गुणगुण १०० ऐवजी ५० हर्ट्झवर येते, आणि दुकानाच्या गोंगाटात ती ऐकू येत नाही.