वाचक विचारतात : सल्फेटमुक्त शाम्पू कोणी आणि कसा वापरावा?

सल्फेटमुक्त शाम्पूविषयी आलेल्या पत्रांतील निवडक प्रश्नांना या वेळी उत्तरे देत आहे. प्रश्न निरनिराळे असले, तरी बहुतेकांच्या मागे एकच अपेक्षा दिसते, ती म्हणजे बाटली बदलली की केसांच्या साऱ्या तक्रारी मिटाव्यात. शाम्पूकडून एवढे होणार नाही. त्याचे मुख्य काम टाळूची त्वचा स्वच्छ ठेवण्याचे आहे, आणि म्हणूनच तो निवडताना आधी टाळू पाहावी, मग केस, असा माझा आग्रह आहे.

प्रश्न : सल्फेट असलेल्या शाम्पूमुळे केस खराब होतात, इतकेच नव्हे तर कर्करोगही होतो, असे वारंवार वाचनात येते. घरातील सर्वांसाठी सल्फेटमुक्त शाम्पूच आणणे आवश्यक आहे का?

उत्तर : कर्करोगाची भीती मनातून काढून टाका. शाम्पूतील सल्फेटमुळे कर्करोग होतो, या म्हणण्याला शास्त्रीय आधार नाही. या भीतीचा एक धागा वेगळ्याच पदार्थापर्यंत जातो. सोडियम लॉरेथ सल्फेट तयार होताना १,४-डायऑक्सेन नावाचा पदार्थ अत्यल्प प्रमाणात मागे राहू शकतो आणि तो कर्करोगाला कारणीभूत ठरू शकणाऱ्या पदार्थांत गणला जातो. मात्र निर्मितीच्या पुढील टप्प्यात तो बऱ्याच अंशी काढून टाकता येतो.

आता केस आणि त्वचेविषयी. शाम्पूत आढळणारी सल्फेटे प्रामुख्याने सोडियम किंवा अमोनियमची लॉरिल सल्फेट आणि लॉरेथ सल्फेट ही असतात. त्यांच्या रेणूचे एक टोक तेलकट पदार्थाला धरते आणि दुसरे पाण्याला, त्यामुळे टाळूवरचा तेलकटपणा व त्यात अडकलेली धूळ पाण्याबरोबर वाहून जाते. हे काम ती फार चांगले करतात, आणि अडचणही त्यातूनच निर्माण होते, कारण मळाबरोबर त्वचेच्या वरच्या थरातील आवश्यक स्निग्धताही काही प्रमाणात निघून जाते. सोडियम लॉरिल सल्फेट यांत अधिक तीव्र आहे. त्वचेचा दाह अभ्यासण्यासाठी केल्या जाणाऱ्या प्रयोगांत ते मुद्दाम दाह निर्माण करणारे प्रमाण द्रव्य म्हणून वापरले जाते. लॉरेथ सल्फेट त्या मानाने सौम्य असते. शिवाय त्याचे प्रमाण किती, ते त्वचेवर किती वेळ राहते आणि सोबत कोणती सौम्य द्रव्ये आहेत, यावरही परिणाम अवलंबून असतो. त्यामुळे ‘सल्फेट म्हणजे वाईट’ असा सरसकट निकाल मला मान्य नाही.

ज्यांची टाळू तेलकट आहे, ज्यांना भरपूर घाम येतो आणि ज्यांना सध्याच्या शाम्पूने कोणताही त्रास होत नाही, त्यांनी तो बदलण्याचे कारण नाही. ज्यांची टाळू धुतल्यानंतर ओढल्यासारखी होते किंवा खाजते, ज्यांना इसबाचा त्रास आहे, ज्यांचे केस कुरळे, रंगवलेले किंवा ब्लीच केलेले आहेत, त्यांना सल्फेटमुक्त शाम्पूचा खरोखर उपयोग होतो. कुरळ्या केसांत टाळूचे नैसर्गिक तेल वळणावळणांतून टोकापर्यंत सहज पोहोचत नाही, त्यामुळे ते मुळातच कोरडे असतात आणि तीव्र शाम्पूने आणखी रुक्ष होतात. एकाच घरात दोन वेगळ्या बाटल्या असल्या, तर त्यात वावगे काही नाही.

प्रश्न : पुढच्या बाजूस ठळक अक्षरांत ‘सल्फेटमुक्त’ असे छापलेले असते, परंतु मागील यादीत कधी कधी सल्फेटसारखाच शब्द दिसतो. ही फसवणूक समजावी का? यादी नेमकी कशी वाचावी?

उत्तर : प्रत्येक वेळी ती फसवणूक नसते. बेहेनट्रायमोनियम मेथोसल्फेट हे नाव ऐकायला तसे वाटते, पण ते मळ काढणारे द्रव्य नसून केस मऊ करणारे आणि गुंता सोडवणारे आहे. मॅग्नेशियम सल्फेट हा एक साधा क्षार आहे. तुम्हाला शोधायचे आहे ते लॉरिल किंवा लॉरेथ या शब्दांना जोडून आलेले सल्फेट. त्यांच्याबरोबर सोडियम कोको सल्फेटकडेही लक्ष ठेवा. नारळाच्या तेलापासून बनवलेले म्हणून ते पुष्कळदा ‘नैसर्गिक’ या नावाखाली येते, पण त्यातील मोठा वाटा लॉरिल सल्फेटचाच असतो.

यादीतील घटक सामान्यतः उतरत्या प्रमाणाने लिहिलेले असतात. १ टक्क्यापेक्षा कमी असलेले घटक मात्र शेवटी कोणत्याही क्रमाने देता येतात. म्हणून पाण्यानंतरची पाच-सहा नावे वाचली, तरी शाम्पूचा स्वभाव बहुतांशी कळतो. सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट, सोडियम मिथाइल कोकॉइल टॉरेट, सोडियम कोकॉइल ग्लुटामेट, डिसोडियम लॉरेथ सल्फोसक्सिनेट, कोकामिडोप्रोपिल बीटेन, डेसिल ग्लुकोसाइड आणि कोको ग्लुकोसाइड ही सौम्य गटातील नावे आहेत. याउलट सोडियम सी १४-१६ ओलेफिन सल्फोनेट हे सल्फेट नसल्यामुळे बाटलीवरचा दावा खरा ठरतो, पण तेल काढून टाकण्याची त्याची ताकद सल्फेटच्या जवळपास असते. तेलकट टाळूला ते चालेल. कोरडेपणामुळे शाम्पू बदलणाऱ्याचा हेतू मात्र त्याने साधणार नाही.

केसांसाठी म्हणून मिळणाऱ्या साबणाच्या वड्यांबद्दलही सावध राहा. तेल आणि अल्कली यांपासून बनवलेल्या खऱ्या साबणात सल्फेट नसते हे खरे, परंतु त्याचा सामू, म्हणजेच पीएच, साधारण ९ ते १० असतो, तर टाळूच्या त्वचेचा सामू ५.५ च्या आसपास असतो. केसाच्या पृष्ठभागावर कौलांप्रमाणे एकमेकांवर रचलेले खवले असतात. अल्कधर्मी साबणाने ते वर उचलले जातात आणि केस खरखरीत होऊन गुंततात. शाम्पूच्या वडीतील मळ काढणारी द्रव्ये वरच्या सौम्य यादीतील असतील, तर ही अडचण येत नाही. ‘सल्फेटमुक्त’ हा शब्द बाटलीत काय नाही एवढेच सांगतो. काय आहे, ते मागच्या यादीतच वाचावे लागते.

प्रश्न : मी अलीकडेच सल्फेटमुक्त शाम्पू वापरू लागले. फेस फारसा येत नाही आणि दुसऱ्याच दिवशी मुळांशी केस चिकट वाटतात. केसांना सवय होईपर्यंत काही आठवडे हे सोसावे, असे मला सांगण्यात आले. हे योग्य आहे का?

उत्तर : नाही, सोसण्याची गरज नाही. टाळूतील तैलग्रंथी किती तेल स्रवतील, हे मुख्यतः संप्रेरकांवर ठरते. शाम्पू बदलल्याने त्या ग्रंथींना नवे वळण लागते आणि काही आठवड्यांनी तेल आपोआप कमी होते, या समजुतीला फारसा आधार नाही. चिकटपणा राहतो तो बहुधा धुण्याच्या पद्धतीमुळे, आणि पद्धत आजच बदलता येते.

फेस हे स्वच्छतेचे माप नव्हे. तरीही फेसामुळे शाम्पू सर्वत्र पोहोचला की नाही हे समजते, आणि तो कमी आला की हात जिथे सहज जातो तिथेच, म्हणजे डोक्याच्या वरच्या भागावर, आपण चोळत राहतो. कानांमागचा आणि मानेजवळचा भाग कोरडाच राहतो. म्हणून प्रथम केस कोमट पाण्याखाली किमान मिनिटभर, बोटांनी बाजूला सारत, मुळापर्यंत भिजवावेत. दाट केसांना याहून अधिक वेळ लागतो. नंतर शाम्पू तळहातावर पाण्यात मिसळून पातळ करावा आणि डोक्याचे चार-पाच भाग कल्पून प्रत्येक भागात थोडा थोडा लावावा. नखांनी खरवडू नये, बोटांच्या पेरांनी हळूहळू चोळावे. लांब केस डोक्यावर गोळा करून घासण्याचे कारण नाही. टाळूवरून ओघळणारा फेस त्यांना पुरेसा होतो. पहिल्या वेळी शाम्पूची बरीच ताकद तेल आणि मळ यांतच खर्ची पडते. त्यामुळे केसांना तेल लावलेले असेल किंवा धुण्यात बऱ्याच दिवसांचे अंतर पडले असेल, तर तो धुऊन टाकून दुसऱ्यांदा अगदी थोडा शाम्पू घ्यावा. या वेळी फेस निश्चित अधिक येतो. शेवटी पाणी भरपूर वापरावे. घाईत धुतलेल्या केसांत उरलेला शाम्पू आणि कंडिशनर हेही चिकटपणाचे नेहमीचे कारण असते. कंडिशनर फक्त लांबीला आणि टोकांना लावावा, मुळांना नाही.

एवढे करूनही केस जड वाटत असतील, तर आणखी दोन गोष्टी तपासा. कंडिशनर किंवा सीरममध्ये डायमेथिकोनसारखे पाण्यात न विरघळणारे सिलिकोन असेल, तर अतिसौम्य शाम्पूने ते पूर्णपणे निघत नाही आणि त्याचे थर साचत जातात. दुसरी गोष्ट पाण्याची. क्षारयुक्त पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम केसांवर बसतात आणि केस निस्तेज, खरखरीत होतात. अशा पाण्यासाठी यादीत डायसोडियम किंवा टेट्रासोडियम ईडीटीए, म्हणजे पाण्यातील क्षार धरून ठेवणारे द्रव्य, असलेला शाम्पू निवडावा. दोन्ही परिस्थितींत महिन्यातून एक-दोनदा अधिक ताकदीचा, प्रसंगी सल्फेट असलेलाही शाम्पू वापरला, तर काही बिघडत नाही. सल्फेटमुक्त हे व्रत नाही. खाण्याच्या सोड्याने डोके धुण्याचा सल्ला मात्र कृपया मानू नका. तोही अल्कधर्मी आहे आणि टाळूला कोरडे करतो.

प्रश्न : केस रंगवल्यानंतर सल्फेटमुक्त शाम्पू वापरला, तर रंग टिकतो का?

उत्तर : थोडीफार मदत होते, पण रंग घालवण्यात नुसत्या पाण्याचाही मोठा वाटा असतो. भिजल्यावर केस फुगतो आणि रंगाचे कण बाहेर पडतात. म्हणून शाम्पूच्या निवडीइतकेच महत्त्व केस कमी वेळा धुण्याला आणि गरम पाणी टाळण्याला द्यावे. ब्लीच केलेल्या केसांच्या बाबतीत माझे मत अधिक ठाम आहे. त्यांचे बाहेरचे स्निग्ध आवरण रासायनिक प्रक्रियेत नष्ट झालेले असते, त्यामुळे त्यांना सौम्य शाम्पू आणि प्रत्येक वेळी कंडिशनर या दोहोंची गरज असते.

प्रश्न : माझे केस मोठ्या प्रमाणात गळत आहेत. शाम्पू बदलल्याने गळणे थांबेल का?

उत्तर : तुमची काळजी मी समजू शकतो, आणि म्हणूनच खोटी आशा देणार नाही. केसाची वाढ त्वचेच्या आत असलेल्या मुळाशी होते आणि धुतला जाणारा शाम्पू तिथे फारसा परिणाम करत नाही. रोज साधारण ५० ते १०० केस गळणे स्वाभाविक आहे. जे केस आधीच सुटलेले असतात, ते धुताना एकदम हाती येतात. म्हणून दोष शाम्पूकडे जातो. एक साधी पाहणी करा. गळालेल्या केसाच्या एका टोकाला बारीक पांढरट गाठ दिसली, तर तो मुळापासून आला आहे. गाठ नसलेले, आखूड तुकडे दिसले, तर केस मध्येच तुटत आहेत, आणि अशा तुटण्यावर सौम्य शाम्पू, कंडिशनर व ओले केस जोराने न विंचरणे यांचा फायदा होतो.

मुळापासूनचे गळणे अचानक वाढले असेल, तर मागचे दोन-तीन महिने आठवून पाहा. तीव्र ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, झपाट्याने घटवलेले वजन किंवा मोठा मानसिक ताण यांचा परिणाम तेवढ्या काळानंतर दिसतो. लोहाची कमतरता आणि थायरॉइडचे विकार हीदेखील कारणे असू शकतात, आणि ती रक्ततपासणीने समजतात. भांग रुंदावत असेल किंवा चकत्यांसारखे केस जात असतील, तर शाम्पू बदलून पाहण्यात वेळ घालवू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

प्रश्न : डोक्यात कोंडा आणि खाज आहे. डॉक्टरांनी दिलेल्या औषधी शाम्पूत सल्फेट आहे, म्हणून तो वापरण्याचे टाळत आहे. योग्य केले का?

उत्तर : औषधी शाम्पू पुन्हा सुरू करा. कोंड्याच्या मागे बहुधा मॅलेसेझिया नावाची, टाळूच्या तेलावर वाढणारी सूक्ष्म बुरशी असते, आणि केवळ सौम्य शाम्पूने तिला आळा बसत नाही. त्यासाठी किटोकोनॅझोल, सेलेनियम सल्फाइड, झिंक पायरिथिऑन यांसारखे औषध लागते. (सल्फाइड म्हणजे सल्फेट नव्हे.) असा शाम्पू टाळूवर ३ ते ५ मिनिटे राहू द्यावा, कारण लगेच धुतल्यास औषधाला काम करण्यास अवधीच मिळत नाही. सामान्यतः तो आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे वापरतात. तुमच्या डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल, तर तेच पाळा. मधल्या दिवशी डोके धुवायचे असल्यास सल्फेटमुक्त शाम्पू वापरा, म्हणजे टाळू फार कोरडी होणार नाही. जाड, चंदेरी खपल्या दिसत असतील, तर तो सोरायसिस असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात.

प्रश्न : सल्फेटमुक्त शाम्पू सुरू केल्यापासून कपाळाच्या कडेला आणि मानेवर पुरळ येते. सौम्य शाम्पूने असे होऊ शकते का?

उत्तर : होऊ शकते. सौम्य म्हणजे प्रत्येकाला मानवणारा असे नाही. शाम्पूची ॲलर्जी अनेकदा टाळूपेक्षा तो ओघळतो त्या जागी, म्हणजे कपाळाची कड, पापण्या, कानांमागे आणि मानेवर आधी दिसते. सल्फेटमुक्त शाम्पूंत सर्रास असणाऱ्या कोकामिडोप्रोपिल बीटेनला अमेरिकेतील संपर्कजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २००४ साली, आणि ग्लुकोसाइड गटाला २०१७ साली, वर्षातील लक्षवेधी ॲलर्जीकारक द्रव्य म्हणून निवडले होते. बीटेनच्या बाबतीत दोष मुख्यतः निर्मितीत मागे राहिलेल्या अशुद्ध घटकांचा असतो. याखेरीज सुगंधद्रव्ये आणि मिथाइलआयसोथायाझोलिनोनसारखी परिरक्षके हीदेखील मोठी कारणे आहेत, आणि ‘सल्फेटमुक्त’ या शब्दात त्यांच्याविषयी काहीच सांगितलेले नसते. तो शाम्पू आजच थांबवा. पुरळ आठवड्याभरात ओसरले नाही किंवा दुसऱ्या शाम्पूनेही परत आले, तर त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट, म्हणजे संशयित द्रव्ये त्वचेवर चिकटवून ॲलर्जी शोधण्याची चाचणी, करून घ्या. जाताना डोक्याला आणि चेहऱ्याला लावत असलेल्या सर्व वस्तूंच्या घटकांच्या यादीची छायाचित्रे सोबत न्या, कारण नेमके कोणते द्रव्य सोसत नाही हे एकदा कळले, की पुढची बाटली निवडताना फक्त तेवढे एक नाव शोधावे लागेल.