चार एलईडी पार (रंगीत स्टेज लाइट) आणि १९२ चॅनलचा डीएमएक्स कंट्रोलर (केबलवरून लाइट चालवणारा बोर्ड) आहे. फेडर (सरकती कळ) वर केला की भलताच लाइट लागतो, मध्येच लुकलुकतो. काय चुकतंय?

बहुधा लाइटचे पत्ते (प्रत्येक लाइटचा सुरुवातीचा चॅनल नंबर) चुकलेत. हा कंट्रोलर प्रत्येक फिक्स्चरला (म्हणजे लाइटला) १६ चॅनल राखून ठेवतो. म्हणून पार ७ चॅनलचा असला तरी पत्ते १, ८, १५, २२ असे सलग देऊ नका. १, १७, ३३, ४९ द्या. छोट्या स्टेजवर दोन-दोन लाइटना एकच पत्ता दिला तरी चालतं, उलट गाण्याच्या धांदलीत सोपं पडतं. सगळे पार एकाच डीएमएक्स मोडवर हवेत, एखादा साउंड किंवा ऑटोवर (आपोआप चालणाऱ्या मोडवर) राहिलेला नको. ७ चॅनलच्या मोडमध्ये बहुधा एक चॅनल मास्टर डिमरचा (एकूण उजेडाचा) असतो. तो शून्यावर असेल तर लाल-हिरवा कितीही चढवा, अंधारच.

लुकलुकण्याचं कारण बहुधा माइकची केबल. पिना जुळतात, पण डीएमएक्सला १२० ओहमच्या आसपासची केबल लागते. लाइट एकामागे एक जोडा, वाय-स्प्लिटर नको. शेवटच्या पारच्या आउटमध्ये टर्मिनेटर लावा: एक्सएलआर (माइकच्या केबलला असतो तसा तीन पिनांचा) प्लगच्या २ आणि ३ नंबरच्या पिनांमध्ये १२० ओहमचा रेझिस्टर, बस्स.

सीन (लाइटच्या ठरवलेल्या रंगसंगती) साउंडचेकच्या आधीच सेव्ह करा. चार-पाच पुरतात.