प्राइमर खरखरीत का बसतो?

प्रश्न: अंतराळयानाच्या प्लॅस्टिक मॉडेल किटवर स्टायरीनच्या (प्लॅस्टिकच्या) पट्ट्या चिकटवून बारकावे वाढवले. स्प्रे प्राइमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारल्यावर पृष्ठभाग खरखरीत झाला, कोरलेल्या रेषाही बुजल्या. काय चुकलं?

उत्तर: कॅन लांब धरला की थेंब हवेतच वाळतात आणि पावडरसारखे बसतात, खरखर त्याचीच. रेषा बुजतात जाड थरामुळे. साधारण 20 सेंटीमीटरवरून, हात सतत फिरता ठेवून दोन-तीन पातळ थर द्या. आता बसलेली खरखर 1000 नंबरचा पॉलिश पेपर ओला करून हलकेच घासा, रेषा स्क्राइबरने (रेषा कोरायच्या टोकदार हत्याराने) मोकळ्या करा.

पट्ट्या 0.25 मिलिमीटरच्याच घ्या, जाड पट्टीने यान खेळण्यासारखं दिसतं. पातळ सिमेंटचा (प्लॅस्टिक विरघळवून जोडणाऱ्या गोंदाचा) ब्रश कडेला नुसता टेकवा, ते आपसूक आत शिरतं. जास्त झालं तर पट्टी विरघळते. दिवसभर वाळू द्या, मगच प्राइमर.