दहा रुपये उतरवण्याआधी

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

हिंजवडीतले डबे साठावरून पंचेचाळीसवर आले, म्हणून ऐंशीचा डबा सत्तरला देऊ का, असं विचारलंस. देऊ नकोस. तुझेच आकडे मांडून बघ. भाडं, दोघी मावशींचे पगार आणि वीज मिळून महिन्याला 45,000. म्हणजे 26 दिवसांत रोजचे 1,730. शिधा, गॅस, पॅकिंग धरून डब्याला 48 जातात, हाती 32 उरतात. खर्च भागायला 55 डबे पुरतात. दर सत्तर केलास की हाती 22 उरतील आणि 79 डबे लागतील. मंदीत 34 नवी गिऱ्हाइकं आणायची कुठून? शिवाय उतरवलेला दर पुन्हा चढवणं फार जड जातं.

त्यापेक्षा छोटा डबा काढ. तीन पोळ्या, भाजी, चटणी, आमटी-भात नाही. 55 रुपये दर ठेव आणि खर्च 30 रुपयांत बसव. काही जुनी गिऱ्हाइकं मोठ्यावरून छोट्यावर येतील, डब्यामागे 7 रुपये कमी सुटतील. पण तेच गिऱ्हाईक डबा बंद करून गेलं, तर 32 जातात.

गळती शोधायची तर ओट्यावर काटा ठेव. किलो कणकेत सहाशे मिलीच्या आसपास पाणी जातं. 40 ग्रॅमच्या उंड्याने साधारण 40 पोळ्या होतात. घाईत उंडा 45 ग्रॅमचा झाला, तर 180 पोळ्यांमागे 900 ग्रॅम भिजवलेली कणीक जादा जाते, रोज. पहिले पाच उंडे तोलून घ्यायचे, मग मावशींचा हात बसतो. 19 किलोचं सिलिंडर लावल्याची तारीखही भिंतीवर लिही. ते लवकर संपायला लागलं की आधी बर्नर बघ: ज्योत पिवळी आणि भांडी काळी होत असतील, तर तो साफ करायला झालाय.

भाज्या कडाडल्या की मटकी, चवळी, लाल भोपळा आण. आमटी मात्र पातळ करू नकोस, तेलही हलकं आणू नकोस. गिऱ्हाइकाला ते पहिल्या घासाला कळतं आणि ते न सांगताच जातं.

उधारीबाबत कडक राहा. एकाने महिन्याचे पैसे बुडवले, तर खिशातून गेलेले 1,248 भरून काढायला 39 डबे फुकट राबावं लागतं. पैसे 5 तारखेच्या आत, आगाऊच घे. महिनाभर जमणार नाही म्हणाला, तर आठवड्याचे घे.

छोटे-मोठे डबे वहीत वेगळे मांड आणि महिनाअखेर आकडे कळव.