वाचकांचे प्रश्न : तांब्यावरचा हिरवा रंग पावसाळ्यात का झडतो?

प्रश्न : अर्धा मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या पत्र्यावर मी तुळशीवृंदावनाचे उठावाचे काम केले. पत्रा चिंच-मिठाने घासून चकचकीत केला आणि त्यावर व्हिनेगर व मीठ शिंपडून त्याला हिरवा रंग आणला. एप्रिलमध्ये तो बाल्कनीच्या भिंतीवर फार शोभून दिसत होता, पण जुलैमध्ये हिरवी भुकटी झडू लागली आणि भिंतीवर ओघळ उतरले. माझे काय चुकले?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : आपले उठावाचे काम वाया गेलेले नाही, ही गोष्ट आधी सांगतो, कारण आपल्या पत्रातली हळहळ मला जाणवली. हा हिरवा रंग म्हणजे वरून दिलेला लेप नसतो. तांब्याचाच वरचा अंश आम्ल, क्षार, हवा आणि ओलावा यांच्याशी संयोग पावून तो तयार होतो. तो सावकाश वाढला तर पत्र्याला घट्ट धरून राहतो आणि घाईने वाढवला तर भुसभुशीत होतो. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा 1886 मध्ये उभा राहिला तेव्हा तांबूस होता. त्याला आजचा हिरवा रंग यायला काही दशके लागली.

आपल्या बाबतीत खरा दोष मागे राहिलेल्या मिठाचा आहे. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून घेते, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर ती बहुधा त्याहून जास्तच असते. एप्रिलमध्ये थांबल्यासारखी वाटणारी क्रिया म्हणूनच पहिल्या पावसाबरोबर पुन्हा सुरू झाली. चिंच-मीठ, बिंबलाचा रस किंवा आमसुलाचे पाणी लावून भांडी घासण्याची आपल्या घरांतली रीत उत्तम आहे. भांडे रोज धुतले जाते, त्यामुळे तिथे मीठ साचत नाही. भिंतीवरच्या पत्र्याला मात्र पुन्हा पाणी लागत नाही.

आता पत्रा उतरवून, नाकातोंडावर मास्क बांधून, ओल्या ब्रशने सैल भुकटी काढावी. मग तो स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवावा आणि दोन दिवसांत पाच-सहा वेळा पाणी बदलावे. नव्याने रंग द्यायचा असल्यास बारीक पॉलिश पेपरने घासून एक परीक्षा करावी : पत्रा तिरपा धरून वरून पाणी सोडावे. पाणी अखंड पडद्यासारखे उतरले तर पत्रा स्वच्छ आहे. कुठे ते फाटून थेंब झाले तर तिथे बोटांचे तेल आहे आणि तिथे रंग धरणार नाही. यानंतर पत्र्याला कडेनेच धरावे. व्हिनेगर-मिठाच्या द्रावणाचा अगदी बारीक फवारा मारावा, पूर्ण वाळू द्यावा, मग दुसरा; असे चार-पाच पातळ थर द्यावेत. शेवटी धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून, पत्रा कोमट असतानाच मेण चोळावे. मेणाने रंग थोडा गडद होतो, हे आधीच गृहीत धरावे. हे सारे जानेवारी-फेब्रुवारीच्या कोरड्या दिवसांत करावे.

माझे मत विचाराल तर समुद्राजवळच्या घरात हिरव्यापेक्षा तपकिरी रंग अधिक टिकाऊ ठरतो. कडक उकडलेली दोन अंडी गरम असतानाच कुस्करून, पत्र्याला न लागतील अशा बेताने, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत. अंड्यांतून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूने काही तासांत पत्र्यावर तपकिरी झाक चढते. हवी तेवढी छटा आली की पत्रा काढून धुवावा.

प्रश्न : अमोनियाच्या वाफेने निळसर रंग येतो असे वाचले. आजीच्या पितळी दिवलीवर तो प्रयोग करावा का?
– एक वाचिका, फोंडा

उत्तर : कृपया करू नये. तांब्याला ही वाफ रंग देते. पितळेत जस्त असते आणि ठोकून किंवा ओढून घडवलेल्या पितळेत ताण साठलेला असतो, अशा पितळेला अमोनिया तडे पाडू शकतो. ब्रिटिश अमलात हिंदुस्थानातील लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवली असता तडकत असत. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया त्याला कारण होता, हे 1921 च्या सुमारास उलगडले. ज्या दिवलीत आजीने रोज संध्याकाळी वात लावली, तिच्यावर ही जोखीम घेऊ नये. हौस बाजारातून आणलेल्या तांब्याच्या नव्या तुकड्यावर भागवावी, तीही उघड्या अंगणात. विहिरीसाठी आणलेली ब्लीचिंग पावडर अमोनिया किंवा व्हिनेगरजवळ मुळीच नेऊ नये. त्यातून विषारी वायू निघतो.

प्रश्न : असा रंग दिलेल्या तांब्याच्या वाडग्यात फळे ठेवता येतील का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : नाही. तो हिरवा रंग म्हणजे जंगालच, म्हणजे तांब्यावर चढणारा गंज, आणि जंगाल पोटात जाणे अपायकारक असते. खाण्याचे वाडगे हवे असेल तर आतून कल्हई करून घ्यावी आणि रंगाचा प्रयोग फक्त बाहेरच्या अंगाला, काठापासून दोन बोटे खाली ठेवून करावा.