सायकलच्या सीटचा दांडा अडकल्यास

प्रश्न : माझ्या सायकलची फ्रेम पोलादी आहे आणि सीटचा दांडा ॲल्युमिनियमचा आहे. गेली काही वर्षे सीट एकाच उंचीवर होती. आता ती खाली घ्यायची आहे, पण क्लॅम्पचा बोल्ट पूर्ण सैल करूनही दांडा तसूभर हलत नाही. पाईपपान्याने पिळून काढावा का?

उत्तर : पाईपपाना तूर्त बाजूला ठेवा. दांडा खराब झाला तर नवा घेता येतो, पण पिळली गेलेली किंवा चिरलेली फ्रेम पूर्ववत होत नाही, म्हणून या कामात प्रत्येक पायरीवर जपायचे ते फ्रेमला. प्रथम बोल्ट नुसता सैल न करता काढूनच टाका आणि क्लॅम्प सुटा असेल तर तो वर सरकवून घ्या, म्हणजे पकड त्याची नाही याची खात्री होईल. दांडा ज्यात बसतो त्या फ्रेमच्या नळीच्या तोंडाशी असलेल्या खाचेत पेचकस घालून ती फाकवण्याचा प्रयत्न मात्र करू नका. चीर पडण्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

त्यानंतर सीट दोन्ही हातांनी धरून दांडा थोडासा फिरतो का, ते पाहा. तो अजिबात फिरत नसेल, तर तुमच्या सायकलीत गंजाने धरले आहे असेच मानावे लागेल. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकलेले असताना मध्ये ओल शिरली की विद्युत्-रासायनिक क्रिया सुरू होते आणि त्यात ॲल्युमिनियम झिजते. त्यातून तयार होणारे पांढरे ऑक्साइड मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापते, आणि दांडा व नळी यांच्यामधली फट मुळातच मिलिमीटरच्या दशांशात मोजावी इतकी लहान असल्याने ती पूर्ण भरून दांडा जखडला जातो.

यावर पहिला उपाय म्हणजे गंज सोडवणारे पातळ तेल आणि भरपूर सवड. तेल वरून सांध्यावर सोडा, लाकडी दांडक्याने हलकेच ठोका, मग सायकल उलटी करून पाण्याच्या बाटलीच्या स्क्रूंच्या छिद्रांतून किंवा बॉटम ब्रॅकेट (पेडलांचा आस ज्यात फिरतो तो भाग) काढून खालच्या बाजूनेही सोडा. रिम आणि ब्रेक मात्र झाकून घ्या. तासाभरात फरक दिसला नाही म्हणून घाई करू नये. तेल मुरायला काही दिवस द्यावेत आणि रोज थोडे घालत राहावे.

फ्रेम तापवावी, असा सल्ला अनेकदा दिला जातो, पण तुमच्या जोडीत तो उलटा पडू शकतो. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे आतला दांडा अधिकच घट्ट बसतो. उलट, सांध्याजवळ दांड्याभोवती बर्फाची पिशवी गुंडाळली आणि तापमान 30 अंशांनी उतरले, तर 27.2 मिलिमीटर व्यासाचा दांडा नळीपेक्षा सुमारे 0.01 मिलिमीटरने जास्त आकसतो. आकडा क्षुल्लक दिसतो, तरी ऑक्साइडचा थर तडकवून तेलाला वाट करून देण्यास तेवढाही उपयोगी पडतो.

मग सीट काढून दांड्याचे डोके भक्कम बसवलेल्या बेंच व्हाइसमध्ये (टेबलाला जोडलेल्या पकडीत) आवळा आणि फ्रेम दोन्ही हातांनी धरून आलटून-पालटून किंचित फिरवा. या पद्धतीत लांब फ्रेम स्वतःच तरफेचे काम करते, म्हणून जोर जपून लावावा, आणि नळ्या लवत आहेत असे दिसताच थांबून पुन्हा तेलाकडे वळावे. करकर असा आवाज येऊ लागला तर काम होत आले, असे समजा. दांडा मोकळा फिरू लागेपर्यंत तो वर ओढू नका.

एवढे करूनही यश आले नाही, तर दांडा वर थोडा ठेवून कापायचा आणि हॅकसॉच्या पात्याने आतून उभी चीर पाडून तो आत दुमडायचा, हा शेवटचा मार्ग उरतो. हे काम फार वेळखाऊ आहे आणि पाते नळीत शिरू नये यासाठी सराईत हात लागतो, त्यामुळे ते कारागिराकडेच द्यावे. कॉस्टिक सोड्याने दांडा विरघळवण्याचा उपाय मी घरी करण्यासाठी सुचवणार नाही: तो त्वचा आणि डोळे जाळतो, त्या क्रियेत ज्वालाग्राही हायड्रोजन बाहेर पडतो, आणि फ्रेम ॲल्युमिनियमची असेल तर दांड्याबरोबर तीही खाल्ली जाते.

प्रश्न : माझ्या सायकलीचा दांडा सहज फिरतो आणि वरही येतो, पण खाली नेताना ठरावीक जागी अडतो. तो वाकला असेल का? असल्यास ठोकून सरळ करता येईल का?

उत्तर : शक्यता दोन आहेत. दांडा पूर्ण बाहेर काढून सपाट काचेवर घरंगळवा. वाकला असेल तर काच आणि दांडा यांच्यामधली फट कमी-जास्त होताना दिसेल. बाक बहुधा नळीच्या तोंडाशी येणाऱ्या भागातच असतो, कारण बसणाऱ्याच्या भाराचा सर्वाधिक ताण तिथे येतो, आणि म्हणूनच असा दांडा वर येतो पण खाली जात नाही. दांडा सरळ निघाला, तर टॉर्चने नळीत पाहा. बाटलीच्या स्क्रूंसाठी बसवलेले नट आत डोकावत असतात आणि दांड्याचे खालचे टोक त्यांच्यावर टेकते. तसे असेल तर दुरुस्ती कशाचीच नको. दांडा खालून योग्य लांबीला कापून घ्यावा, मात्र कमीत कमी किती भाग आत राहिला पाहिजे, याचा हिशेब आधी करावा.

वाकलेला दांडा सरळ करू नये. ॲल्युमिनियमला पुन्हा वाकवले की त्या जागी सूक्ष्म तडे जातात, आणि पुढे तो चालत्या सायकलीवर तुटला तर धारदार टोक थेट बसणाऱ्याच्या खाली असते. नवा घेताना जुन्या दांड्याच्या खालच्या, न घासलेल्या भागाचा व्यास कॅलिपरने मोजा, कारण हे व्यास 0.2 मिलिमीटरच्या फरकाने येतात आणि 27.0 व 27.2 डोळ्यांना सारखेच दिसतात. दांड्यावरची किमान खोलीची रेघ नळीच्या आत राहिलीच पाहिजे. बाक येण्याचे कारण बहुतेक वेळा तिच्याकडे झालेले दुर्लक्ष हेच असते.

प्रश्न : नवा दांडा बसवताना ग्रीस लावावे का? लावल्यास तो घसरणार नाही ना?

उत्तर : दांडा आणि फ्रेम दोन्ही धातूंचे असतील तर अवश्य लावावे. नळी आतून पुसून घ्या आणि ग्रीसचा पातळ थर द्या. व्यास बरोबर असेल तर त्यामुळे दांडा घसरत नाही. दोहोंपैकी एक जरी कार्बनचे असेल तर ग्रीसऐवजी त्यासाठीची बारीक कणांची पेस्ट वापरा, आणि बोल्ट क्लॅम्पवर न्यूटन-मीटरमध्ये छापलेल्या आवळण्याच्या जोराच्या मर्यादेतच आवळा. वर्षातून एकदा, आणि सायकल सतत भिजत असेल तर त्याहून लवकर, दांडा बाहेर काढून पुसावा आणि पुन्हा ग्रीस लावावे. काढण्यापूर्वी नळीच्या तोंडाशी दांड्यावर चिकटपट्टी गुंडाळली, तर सीटची उंची पुन्हा शोधावी लागत नाही.