केमिकल कंपनीच्या मुलाखतीसाठी छापील उत्तरे पाठ करावीत का?

आपण लिहिले आहे की घरी मराठी आणि शाळा गुजराती माध्यमाची असल्यामुळे आपले इंग्रजी कच्चे राहिले, बडोद्यातील एका केमिकल कंपनीत लवकरच मुलाखत आहे, आणि व्यक्तिमत्त्व विकासाच्या एका वर्गाने शंभर प्रश्नांची छापील उत्तरे हाती दिली आहेत. ती पाठ करावीत का, 'स्वतःविषयी सांगा' याला काय उत्तर द्यावे आणि टाय लावावा का, असे आपले तीन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर मी आधी देते: पाठ करू नका. इतक्या ठामपणे सांगण्याचे कारण असे की याच मुद्द्यावर माझा आणि माझ्या मामांचा वाद अनेक वर्षे चालला आणि माझी बाजू बरोबर होती, असे मी आजही मानते.

मी कलाभवनात, म्हणजे सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान व अभियांत्रिकी विद्याशाखा झालेल्या संस्थेत, केमिकल इंजिनिअरिंग शिकले. नव्वदच्या दशकात मला पहिल्या मुलाखतीचे बोलावणे आले तेव्हा मामा रोज संध्याकाळी दांडिया बाजारातल्या आमच्या घरी येऊन बसत. ते बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते आणि त्यांचे मत असे की उमेदवार दारातून आत येतो तेव्हाच निकाल लागलेला असतो. पुढचे सारे बोलणे ही औपचारिकता असते. त्यांनी सुवाच्य अक्षरात इंग्रजी उत्तरे लिहून आणली होती. त्यांचा मान राखण्यासाठी मी ती वाचली, परंतु माझा खरा वेळ मी प्रशिक्षणाच्या अहवालावर घालवला. ज्या कारखान्यात मी प्रशिक्षण घेतले होते, तेथील एका विभागाची प्रवाहाकृती (कोणते द्रव्य कोणत्या यंत्रातून कोठे जाते त्याचे चित्र) न पाहता कागदावर काढता येईपर्यंत मी ती गिरवली आणि प्रत्येक यंत्रापाशी थांबून 'हे येथे का आहे' असे स्वतःला विचारले.

मुलाखत घेणारे तिघे होते. पहिलाच प्रश्न आला तो प्रशिक्षणात काय पाहिले याचा. मी सांगितले की गरम सॉल्व्हंट ओढणारा एक सेंट्रिफ्यूगल पंप दुपारी आत खडे भरल्यासारखा वाजत असे आणि सकाळी शांत असे. एवढे ऐकल्यावर मधले गृहस्थ खुर्चीत पुढे सरकले. असे का होते, हे त्यांनी विचारले आणि मी कागद मागितला. द्रव उत्कलनबिंदूच्या जवळ असला आणि सक्शनच्या, म्हणजे पंप द्रव ओढतो त्या, बाजूचा दाब त्याच्या बाष्पदाबापर्यंत उतरला की आत बुडबुडे तयार होतात. ते इम्पेलरमध्ये, म्हणजे पंपाच्या फिरत्या चाकात, जास्त दाबाच्या जागी पोहोचले की फुटतात, आवाज करतात आणि कालांतराने धातू खातात. दुपारी टाकीतला द्रव अधिक तापलेला असे आणि पातळीही उतरलेली असे, म्हणून त्रास दुपारी होत असे. उपाय काय, असे विचारल्यावर मी पातळी वाढवणे, द्रव थंड करणे, सक्शनची गाळणी साफ करणे हे सांगितले. मग त्यांनी प्रवाह कमी करायचा तर कोणता व्हॉल्व्ह आवळाल, असे विचारून पाहिले. डिस्चार्जचा, म्हणजे द्रव बाहेर पडण्याच्या बाजूचा, सक्शनचा कधीही नाही, कारण सक्शन आवळला तर उपलब्ध एनपीएसएच (सक्शनला बाष्पदाबाच्या वर शिल्लक असलेला दाब) आणखी घटते आणि तोच रोग वाढतो, असे मी सांगितले. हे सारे मी अर्ध्या इंग्रजीत आणि अर्ध्या गुजरातीत बोलले. कोणीही हरकत घेतली नाही, उलट त्यांनी स्वतःच गुजरातीत विचारायला सुरुवात केली.

मग तिसऱ्या गृहस्थांनी विचारले की रात्रपाळीला येऊ न शकणाऱ्या मुलीला आम्ही का घ्यावे. त्या काळी कारखाना अधिनियम १९४८ च्या कलम ६६ नुसार स्त्रियांना कारखान्यात संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळेत काम देण्यास मनाई होती आणि राज्य सरकारने सवलत दिली तरी रात्री दहा ते पहाटे पाच ही वेळ बंदच होती. हे मला माहीत होते, कारण मी ते मुलाखतीपूर्वी मुद्दाम वाचून ठेवले होते. मी शांतपणे सांगितले की मनाई कायद्याची आहे, माझी नाही, आणि आपल्या जाहिरातीतली जागा तांत्रिक सेवा विभागाची आहे, जेथील काम सामान्य पाळीत चालते. मामांच्या कागदावर या प्रश्नाचे उत्तर नव्हते.

मला नोकरी मिळाली. मामा म्हणाले की कंपनीला निकड होती म्हणून घेतले. प्रत्येक लग्नकार्यात ते हेच म्हणत राहिले, आणि मला ते लागत राहिले.

पुढे अनेक वर्षे मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले. 'माझा दोष असा की मला प्रत्येक काम अचूक लागते' हे वाक्य एकाच सकाळी अनेक मुलांच्या तोंडून त्याच शब्दांत ऐकले की ती कोणत्या वर्गातून आली हे कळते, आणि 'एखादे उदाहरण सांगा' म्हटले की पुढे शांतता पसरते. याउलट एका डिप्लोमाधारक मुलाने हिंदी-गुजराती मिसळून स्टीम ट्रॅप (वाफेच्या नळीतले पाणी बाहेर सोडून वाफ अडवणारे उपकरण) बिघडला आहे हे त्याने कसे ओळखले, ते सांगितले, आणि त्याला घेण्यावर आमच्यात मतभेदच झाला नाही.

हे केवळ माझे मत नाही. श्मिट आणि हंटर या संशोधकांनी १९९८ मध्ये ८५ वर्षांच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा सर्वांना कामाशी निगडित तेच प्रश्न विचारून ठरलेल्या निकषांवर गुण देणाऱ्या मुलाखतीचा पुढील कामगिरीशी सहसंबंध (शून्य म्हणजे काहीच संबंध नाही, एक म्हणजे पूर्ण) ०.५१ आढळला आणि मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीचा ०.३८. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी फेरगणना केली तेव्हा हे आकडे ०.४२ आणि ०.१९ झाले. आकडे उतरले, पण दोहोंतील अंतर वाढले. छाप पाहून माणूस निवडणारे स्वतःच चुकतात, आणि म्हणून शहाण्या कंपन्या कामाविषयी विचारतात. मामा असते तर हे आकडे मी त्यांच्यासमोर ठेवले असते.

आता आपली तयारी. कंपनी काय बनवते ते पाहा आणि त्या प्रक्रियेचे एक प्रकरण नीट वाचा. क्लोर-अल्कली कारखाना (मिठाच्या पाण्यातून विजेने क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणारा) असेल तर मिठाच्या पाण्यातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम का काढतात (सेलमधला पातळ पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, खराब होतो म्हणून) हे सांगता आले पाहिजे. मुख्य रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक वाचा. आमच्या व्यवसायात सुरक्षेविषयी बेफिकीर बोलणाऱ्याला कोणी घेत नाही. 'स्वतःविषयी सांगा' याला दोन मिनिटे पुरतात: काय शिकलात, प्रशिक्षण कोठे झाले, स्वतःच्या हाताने केलेले एक काम आणि त्यातून निघालेला परिणाम. वडिलांचा व्यवसाय आणि छंद सांगू नका. उत्तर येत नसेल तर तसे सांगा आणि कोठून सुरुवात कराल ते बोला.

एक गोष्ट मान्य करायला हवी. विक्री, बँक किंवा ग्राहकांशी बोलण्याच्या जागांसाठी भाषेची सफाई हा कामाचाच भाग असतो, आणि तेथे मामांचा सल्ला माझ्यापेक्षा उपयोगी पडला असता. मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या भरतीतही इंग्रजी संभाषण तपासले जाते. आपली जागा प्लांटमधली आहे, म्हणून मी हे लिहिले. तरीही तांत्रिक फेरीनंतरच्या मनुष्यबळ विभागाच्या फेरीसाठी इंग्रजीत चार सरळ वाक्ये स्वतः तयार करून मोठ्याने म्हणून पाहा, वर्गाची मात्र नको.

टाय लावू नका. इस्त्री केलेला पूर्ण बाह्यांचा सदरा आणि बंद बूट पुरेत. बूट मुद्दाम सांगते, कारण मुलाखतीनंतर प्लांट दाखवायला नेले तर चपला घातलेल्या माणसाला गेटवरच थांबवतात. अहवालाची एक प्रत आणि कोरे कागद बरोबर ठेवा, आणि आकृती काढण्याची परवानगी आपणहून मागा.